मुंबई ते नागपूर: तिकिटावरचा दीड तास

नागपूर किती लांब? आमच्या घरी या प्रश्नाचं उत्तर बाबा द्यायचे, आणि ते कधी एका आकड्यात देत नसत. ते रेल्वेत होते. प्रवासाला निघालं की खिशातली छोटी वही काढून प्रत्येक मोठ्या स्टेशनची वेळ टिपायचे. कसारा इतके वाजता, भुसावळ इतके वाजता, गाडी उशिरा असेल तर शेजारी लाल शाईत मिनिटं. त्यांच्या लेखी मुंबई–नागपूर ८३७ किलोमीटर होतं. आम्ही कल्याणला चढायचो म्हणून त्यातून ५४ वजा करायचे, आणि वर सांगायचे, "हे रुळांचं झालं. रस्ता वेगळा, कावळा वेगळा."

कावळ्याच्या वाटेने, म्हणजे सरळ हवेतून, जायचा योग मला यंदा आला. नागपूरच्या मावशीला पंच्याहत्तर पूर्ण होत होती. जाताना विमान, येताना मिलिंददादाची गाडी, असं ठरलं. वही मी घेतली होती. बाबांची नाही, नवी. सवय मात्र त्यांचीच.

पहिला दिवस

तिकीट सांगत होतं: सुटणार ६.१५, पोहोचणार ७.४५. प्रवास दीड तासाचा.

डोंबिवलीतून टॅक्सी निघाली पहाटे ३.२० ला. शिळफाटा, ऐरोली, पवई. रस्ता रिकामा होता, तरी पुलाखाली एका ट्रकचं इंजिन उघडून चार जण टॉर्च मारत उभे होते, तिथे दहा मिनिटं गेली. विमानतळाच्या दारात ४.३५. बॅग, तपासणी, पुन्हा रांग. डिसेंबरात नागपूरला विधिमंडळाचं अधिवेशन असतं, त्यामुळे रांगेत पांढरे कुर्ते आणि जाकिटं बरीच होती. माझ्यापुढच्या गृहस्थांच्या हातात तीन फायली आणि एक पुरणपोळ्यांचा डबा. या दिवसांत तिकिटं का महागतात ते त्या रांगेकडे पाहिलं की कळतं. मी तर दोन महिने आधी काढलेलं, तरी त्या पैशांत एकेकाळी आमचं अख्खं कुटुंब दुसऱ्या वर्गाने जाऊन आलं असतं.

६.१२ ला दार बंद झालं, ६.१८ ला विमान मागे सरकलं. विमानाची वेळ इथून मोजतात. चाकांचे अडसर काढून विमान जागचं हललं की सुटलं, आणि तिकडे चाकांना पुन्हा अडसर लागले की पोहोचलं. हवेत किती वेळ होतं, हा हिशोब वेगळा. म्हणजे त्या दीड तासात धावपट्टीवरची रांगही धरलेली असते. आणि मुंबईत रांग असतेच. इथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकीवरूनच काम चालतं. उतरणारं एक, उडणारं एक. खिडकीतून मी पुढे उभ्या विमानांच्या शेपट्या मोजल्या. आम्ही सातवे होतो.

चाकं जमिनीवरून उचलली ६.४२ ला. मग एक गंमत झाली. नागपूरला निघालेलं विमान आधी अरबस्तानाकडे गेलं. धावपट्टी पश्चिमेला समुद्राच्या दिशेने सुटते, म्हणून पहिली काही मिनिटं आम्ही नागपूरपासून लांब जात होतो. खाली जुहूच्या किनाऱ्याची फेसाची रेघ, नंतर नुसतं काळंनिळं पाणी, मग मोठं वळण, आणि एकदाचं तोंड पूर्वेला.

निघायच्या आधी मी मुलीच्या शाळेच्या नकाशावर पट्टी ठेवून पाहिली होती. मुंबई विमानतळ ते नागपूर विमानतळ सरळ रेघ साधारण ६८५ किलोमीटरची भरते. ती माळशेज–हरिश्चंद्रगडाजवळून घाट चढते, छत्रपती संभाजीनगराच्या डोक्यावरून जाते, मेहकर आणि कारंजा थोडे उजवीकडे ठेवते आणि वर्ध्याच्या उत्तरेने नागपुरात शिरते. रूळ मात्र मनमाड, जळगाव करत वर सरकतात. भुसावळला पोहोचेपर्यंत गाडी जवळजवळ नागपूरच्याच अक्षांशावर आलेली असते. मग अकोल्याकडे खाली, बडनेऱ्याला जरा वर, वर्ध्याला पुन्हा खाली आणि शेवटी नागपूरसाठी परत वर. दीडशे किलोमीटरचा फरक पडतो तो या चढउतारात. इंग्रजांनी १८६७ साली नागपूरपर्यंत रूळ आणले ते खानदेश–वऱ्हाडच्या कापसासाठी. कापूस जिथे होता तिथून ते गेले.

वैमानिकाने उंची सांगितली, ३३ हजार फूट. पूर्वेकडे जाणाऱ्यांना २९, ३१, ३३ असे विषम हजार देतात आणि पश्चिमेकडे येणाऱ्यांना सम, म्हणजे समोरासमोरची विमानं एका मजल्यावर येत नाहीत. बाबांना हे फार आवडलं असतं. अप आणि डाऊनच की!

घाट ओलांडतानाच सूर्य दिसला. इतक्या उंचीवर तो जमिनीवरच्या माणसांच्या आधी दिसतो. खाली नाशिक–नगरच्या बाजूला अजून करडा अंधार, आणि आमच्या पंखाच्या टोकावर केशरी पट्टा. मी उजव्या खिडकीशी बसले होते. सातच्या सुमाराला दक्षिणेला एक मोठं पाणी चमकलं, कडा दातेरी, मधोमध सूर्याची लखलखती पट्टी. नाथसागर, दुसरं काय असणार. त्यानंतर मी खिडकीला नाक लावून लोणारचं विवर शोधत राहिले. पावणेदोन किलोमीटरचं गोल भोक वरून दिसायला हवं होतं. धुक्यात काही दिसलं नाही. तेवढ्यात सँडविचची गाडी आली, आणि ती मागे सरकेपर्यंत विमान उतरायलाही लागलं.

चाकं टेकली ७.५१ ला, विमान जागेवर थांबलं ७.५७ ला. हवेत एक तास नऊ मिनिटं. हिवाळ्यात वरचा वारा पश्चिमेकडून पूर्वेला वाहतो आणि जाताना मागून ढकलतो. म्हणूनच परतीच्या तिकिटांवर दहा-पंधरा मिनिटं जास्त लावलेली असतात.

बॅग यायला वीस मिनिटं लागली. बाहेर काका स्वतः स्कूटर घेऊन हजर! वय चौऱ्याहत्तर.

"काका, तुम्ही कशाला आलात? मी मेट्रोने आले असते."

"मेट्रोनं येऊन राहिली होती, मग मी काय घरी बसून राहू? बस मागे. बॅग समोर ठेव."

बजाजनगरच्या घराचं फाटक ८.५० ला. वहीत बेरीज केली: दार ते दार साडेपाच तास. त्यातला सव्वा ताससुद्धा उडण्याचा नाही.

संध्याकाळी आणखी एक हिशोब हाती आला. आम्ही गप्पा मारत बसलो होतो, तेवढ्यात मावशी उठली आणि देवापाशी दिवा लावला. मी घड्याळ पाहिलं, ५.३५. बाहेर सूर्य खरंच बुडालेला. डोंबिवलीत या वेळी अजून अर्धा तास ऊन असतं. नागपूर आमच्यापेक्षा साधारण सहा अंश पूर्वेला, आणि प्रत्येक अंशाला चार मिनिटं, म्हणजे चोवीस मिनिटं तिथेच झाली. शिवाय ते उत्तरेलाही आहे, म्हणून हिवाळ्यात संध्याकाळी आणखी थोडी भर. घड्याळं दोन्हीकडे एकच वेळ दाखवतात, पण मावशीचा दिवा त्यांचं ऐकत नाही.

दुसरा दिवस

सकाळी काकांनी कस्तुरचंद पार्कजवळ नेलं, तर्री पोहे खायला. पोह्यांवर चण्याचा लाल रस्सा, वर तेलाचा तवंग, कच्चा कांदा, लिंबू. पहिल्या घासाला माझ्या डोळ्यांतून पाणी आलं.

"काहून, तिखट लागून राहिलं का? यानं कमीच टाकली."

तिथून झिरो माईल. मी लहानपणी पाहिलेला, पण तेव्हा लक्ष सगळं घोड्यांकडे होतं. चार घोडे उधळलेले, शेजारी वालुकाश्माचा षट्कोनी खांब, आणि जवळच सर्वेक्षणाचा दगड, १९०७ चा. समुद्रसपाटीपासूनची उंची त्यावर फुटांत आहे, हजार वीसच्या आसपास. 'भारताचा मध्यबिंदू' म्हणून लोक इथे फोटो काढतात. आजच्या भारताचा मध्य बरेच जण मध्य प्रदेशात करौंदीला दाखवतात. पण त्या वादात मला रस नव्हता. मला खांबावरची नावं वाचायची होती.

अंतरं मैलांत कोरलेली आहेत. हैदराबाद ३१८. जबलपूर १७०. छिंदवाडा ८३. शिवनी ७९. मी खांबाभोवती दोन फेऱ्या मारल्या. मुंबई कुठेच नाही.

"मुंबई नाही हो यावर."

"कायले राहील?" काका म्हणाले. "तेव्हा नागपूर कोणाची राजधानी होती? मध्य प्रांताची. साहेबाचा कारभार जबलपूर, रायपूरशी. मुंबईशी आमचं काम पडलं छप्पनसाली."

खरं आहे. १ नोव्हेंबर १९५६ ला विदर्भ द्वैभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १९६० पासून महाराष्ट्रात आहे. त्याआधी १९५३ च्या नागपूर करारात ठरलं की सरकारने दर वर्षी काही काळ नागपूरला यायचं. विमानात माझ्यापुढे जे पांढरे कुर्ते होते ते त्या करारामुळे. विधानभवन झिरो माईलपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. त्या दिवशी वाटेत पोलिसांचे लोखंडी अडथळे होते आणि पलीकडे कोणत्या तरी मोर्चाचा लाऊडस्पीकर चालू होता. काकांनी तिकडे पाहिलंही नाही. दर डिसेंबरचंच आहे त्यांच्यासाठी.

खरी गोष्ट मात्र दुपारी निघाली. मी माझी वही काढून विमानाच्या वेळा वाचून दाखवत होते. काकांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमच्या बाबाच्या वेळेला मुंबईचं विमान रात्री यायचं, आणि त्याच रात्री परत जायचं. नागपूरला कोणाले काम नव्हतं, तरी देशभरचे विमानं इथं यायचे."

काकांचे वडील टपाल खात्यात होते. १९४९ च्या जानेवारीत रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चार शहरांतून रात्री एकेक विमान निघायचं. चारही मध्यरात्रीनंतर नागपूरच्या सोनेगाव विमानतळावर एकत्र जमायची. टपालाच्या थैल्यांची अदलाबदल व्हायची: मुंबईच्या विमानातली कलकत्त्याची थैली कलकत्त्याच्या विमानात, मद्रासची मद्रासच्या. मग प्रत्येक विमान आपापल्या गावी परत, पहाटेपर्यंत. संध्याकाळी मुंबईत पेटीत टाकलेलं पत्र दुसऱ्या दिवशी दिल्लीत वाटायला निघे. थैल्यांबरोबर प्रवासीही असत. त्यांनी नागपूरला विमान बदलायचं. ही सेवा १९७३ पर्यंत चालली.

हे असं का? नकाशात पाहा. चारही शहरांना जवळपास सारख्या अंतरावर एकच मोठं गाव पडतं. मुंबई सर्वांत जवळ, कलकत्ता आणि मद्रास जरा लांब, पण एका रात्रीत येऊन परत जाता येईल इतपत.

"मले एकदा बाबांनी नेलं होतं," काका सांगत होते. "आठ-नऊ वर्षांचा असेन मी. थंडी म्हणजे काय सांगू! स्वेटरवर आईची शाल. आधी आवाज आला, दिसून काही नाही राहिलं. मग एक दिवा, मग दुसरा. चौथं विमान उतरेपर्यंत मी थैल्यांवर झोपून गेलो. बाबांनी उठवलं तर तिन्ही निघून गेलेले, एकच उभं. मद्रासचं."

"मग?"

"मग काय. रडलो मी. मले मुंबईचं पाहायचं होतं."

मावशी स्वयंपाकघरातून ओरडली, "पन्नास वर्षं झाली, ही गोष्ट ऐकून राहिले मी. दर वेळी थंडी वाढते."

तिसरा दिवस

वाढदिवसाचा दिवस. चाळीस माणसं, पंच्याहत्तर दिव्यांची ओवाळणी, वांग्याची भाजी, वडा-भात. मी वहीत काहीच लिहिलं नाही. रात्री मावशीने उद्याच्या डब्याची तयारी सुरू केली आणि मला म्हणाली, "सांबार निवडून दे." मी फ्रीज उघडून डाळीचं भांडं शोधत बसले. सांबार म्हणजे यांच्याकडे कोथिंबीर, हे मी दर खेपेला विसरते. त्याच कोथिंबिरीच्या वड्या तिने रात्री दहाला तळल्या.

चौथा दिवस

निघालो ६.२० ला. दादाने आदल्या संध्याकाळीच टायरमधली हवा तपासून घेतली होती, आणि सकाळी फाटकाबाहेर वाकून चारही टायरांवर परत हात फिरवला. समृद्धी महामार्ग काँक्रीटचा. तासन्‌तास एका वेगाने गेलं की टायर तापतात, आणि जुने असले की फुटतात.

शिवमडक्याला महामार्गावर चढलो ६.४५ ला. इथून भिवंडीजवळच्या आमण्यापर्यंत ७०१ किलोमीटर. माझ्या पट्टीच्या रेघेला सर्वांत जवळचा रस्ता हाच: वर्धा, कारंजा, मेहकर, जालना, संभाजीनगर. विमानातून जे उजवीकडे राहिलं ते आता गाडीखाली. नागपूर–शिर्डी ५२० किलोमीटर डिसेंबर २०२२ मध्ये सुरू झाले, पुढचे तुकडे एकेक करून, आणि शेवटचे इगतपुरी–आमणे ७६ किलोमीटर ५ जून २०२५ ला.

पहिला तास मजेचा. धुकं, दोन्ही बाजूंना तुरी, कपाशीची वाळलेली पऱ्हाटी. दुसऱ्या तासाला लक्षात येतं की काहीच घडत नाहीये. गाव लागत नाही, चहाची टपरी लागत नाही, बैलगाडी आडवी येत नाही, स्कूटर नाही, कारण दुचाकींना इथे मनाईच आहे. काट्यावर एकशे दहा, आणि काँक्रीटचा एकसुरी घूंऽऽ आवाज. डोळे उघडे असून मन झोपतं. दादाने मला कामच लावून दिलं होतं, "बोलत राह. काहीही बोल." मी बाबांच्या वहीबद्दल बोलत राहिले. दर दीड तासाला थांबायचं ठरवलं होतं. प्रत्यक्षात थांबण्यासारख्या जागा दूर दूर होत्या, आणि एका ठिकाणच्या स्वच्छतागृहाबद्दल मी इथे काही लिहीत नाही.

सिंदखेडराजाच्या आसपास दादा अचानक गप्प झाला. १ जुलै २०२३ च्या पहाटे इथेच नागपूरहून पुण्याला जाणारी खासगी बस उलटून पेटली आणि पंचवीस माणसं गेली. दादाच्या ऑफिसातली मुलं दर आठवड्याला अशाच बसने पुण्याला जातात. त्याने काटा नव्वदवर आणला आणि बऱ्याच वेळाने परत वर नेला.

संभाजीनगर ओलांडून डबा उघडला. वड्या थंड झाल्या होत्या, तरी तशाच संपल्या. वर आकाशात एक पांढरी रेघ पूर्वेकडे सरकत होती. नागपूरलाच निघालं असेल असं नाही, पण आम्ही तसंच धरून चाललो.

शिर्डी, सिन्नर, मग डोंगर. इगतपुरीचा जोडबोगदा जवळजवळ आठ किलोमीटरचा आहे. एका टोकाला सह्याद्री वर, दुसऱ्या टोकाला आपण खाली. मी घड्याळ लावलं: सहा मिनिटं. लहानपणी ही उतरण रेल्वेने व्हायची, आणि चढताना कसाऱ्याला गाडीच्या मागे ढकलायला जादा इंजिनं लागायची. त्या धक्क्याने जाग यायची आणि बाबा वहीत लिहीत असायचे. बोगद्यात कसलाच धक्का नाही. कानात थोडे दडे बसले, तेवढंच.

आमणे, ४.०० वाजता. टोल साडेचौदाशेच्या आसपास कापला गेला. ७०१ किलोमीटरला सव्वानऊ तास, दीड-पावणेदोन तासांच्या थांब्यांसकट. दादा खुश. "पाहिलं? रेल्वेपेक्षा लवकर. तुझं घर इथून किती?"

"पस्तीस-चाळीस किलोमीटर."

"म्हणजे अर्धा तास."

मी काही बोलले नाही. पडघ्याच्या पुढे गोदामांचे कंटेनर सुरू झाले. एकामागे एक, तीन रांगांत, सगळ्यांची इंजिनं चालू आणि चाकं थांबलेली. माणकोलीच्या वळणाला आम्ही चोवीस मिनिटं उभे होतो. शेजारच्या कंटेनरचा ड्रायव्हर खाली उतरून टायरला टेकून शेंगा खात होता, त्याने आम्हालाही देऊ केल्या. खाडीवरच्या पुलावर चढेपर्यंत दादाची सगळी खुशी उतरली होती. "आठ किलोमीटरचा बोगदा सहा मिनिटांत, आणि ही खाडी पार करायला दीड तास!"

घराच्या दारात ५.३८. वहीत लिहिलं: दार ते दार अकरा तास अठरा मिनिटं, शेवटच्या चाळीस किलोमीटरला एक तास अडतीस. लाल पेन मिळालं नाही, म्हणून निळ्यानेच.

मावशीला फोन लावला. तिने घेतला नाही, काकांनी घेतला.

"पोचली का? ती दिवा लावून राहिली."

मी गॅलरीत उभी होते. समोरच्या इमारतीच्या टाकीवर अजून ऊन होतं. खाली दादा डिकी उघडून संत्र्यांची गोणी ओढत होता, आणि गोणीच्या तळातून रस गळत होता.